तपासणाऱ्याची सही
आमचे हे बावीस वर्षं इकडे तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग मोजत होते. क्वालिटी विभाग. मशिनवरून उतरलेला भाग गरम असतो, किंचित फुगलेला असतो. तसाच मोजला तर माप खोटं येतं, म्हणून तो एसी खोलीत ठेवायचा, निवू द्यायचा आणि मग मोजायचा. हे मला ह्यांच्या तिथल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि मी विचारलंही नव्हतं. दुसरा नियम सह्यांचा. प्रत्येक मापापुढे दोन रकाने, एक मोजणाऱ्याचा आणि एक तपासणाऱ्याचा. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत.

निवृत्तीनंतर वर्षभरात ह्यांना पल्मनरी फायब्रोसिस निघाला. फुप्फुसं जून भेंडीसारखी निबर होत जातात. डॉक्टरीणबाई तमिळ, आमच्याशी सावकाश इंग्रजीत बोलायच्या. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. फुप्फुसं निबर झाली की त्यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब वाढू शकतो आणि मग हृदयाची उजवी बाजू थकत जाते. तो दाब लवकर पकडायचा, म्हणजे फुप्फुसं बदलण्याचा विचार वेळेत करता येतो. त्यासाठी दर सहा महिन्यांनी हृदयाचा एको, रक्त आणि चालण्याची चाचणी. घरी रोज बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून चालायचं, चालताना आकडा बघायचा. तो घसरायला लागला तर तारखेची वाट न बघता निघून यायचं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी वही आखली. तारीख, वेळ, आकडा आणि दोन रकाने. तपासणारी अर्थातच मी.

हे हॉलपासून बाल्कनीपर्यंत दहा फेऱ्या घालायचे. मग पंख्याखाली खुर्चीत बसायचे, तळवे चोळायचे, डोळे मिटायचे. पाच मिनिटांनी बोट यंत्रात घालायचे. पंचाण्णव. वही स्वयंपाकघरात यायची आणि मी नारळ खवता खवता, ओल्या हाताने सही करायचे.

एकदा मी म्हटलं, “अहो, चालताना बघायला सांगितलंय ना?”

“जरा सेटल होऊ दे गं. हलता भाग कुणी मोजतं का?”

मला हसू आलं. तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाचं माप कधी चुकलं नव्हतं. पडद्याचं कापडसुद्धा इंचाला इंच बरोबर यायचं. मी सही केली.

पुढे भाचीचं लग्न ठरलं आणि आम्ही साड्या घ्यायला टी. नगरला गेलो. हे प्रत्येक दुकानाच्या काचेसमोर थांबत होते. “हा मोरपंखी बघ. त्याचे काठ बघ.” लाल आणि जांभळा यांपलीकडे रंग न ओळखणारा माणूस मोरपंखी म्हणतोय म्हटल्यावर मी खूशच झाले. म्हातारपणी का होईना, अक्कल आली म्हटलं. चौथ्या दुकानापाशी काचेत मला ह्यांचे ओठ दिसले. निळसर होते. मी ते नीट पाहिलं. मग आत गेले आणि गादीवर बसून साड्या बघितल्या. त्या संध्याकाळीही आकडा पंचाण्णव होता आणि त्यापुढे माझी सही आहे.

सहामाही तपासणीची तारीख नेमकी लग्नाच्या आठवड्यात आली होती. त्याआधी भेटीला गेलो तेव्हा ह्यांनी विचारलं, “एको आणि चालणं पुढे ढकललं तर?” डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. इतके स्थिर आकडे त्यांनी क्वचितच पाहिले असतील. म्हणाल्या, चालेल, दोन-तीन महिन्यांनी करू. येताना हे रिक्षात ताठ बसले होते, पहिला नंबर आल्यासारखे.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात चालण्याची चाचणी झाली. बोटाला यंत्र, शेजारी नर्स. दुसऱ्या फेरीतच हे भिंतीजवळच्या खुर्चीकडे वळले.

“उक्कारादींग, सार,” ती म्हणाली. बसू नका.

“सेटल होऊ दे,” हे मराठीत म्हणाले. तिला ते कळलं नाही. तिने यंत्र माझ्याकडे वळवून दाखवलं. एक्याऐंशी.

एको त्याच दिवशी झाला. आठवड्याभराने मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी घालून दाब थेट मोजला. तेवढा वेळ मी कँटीनमध्ये बसले होते आणि दोन डोसे खाल्ले. चटणी चांगली होती. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. आत सगळं बधिर होतं, दात काढताना होतं तसं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. दाब फार वाढलाय, उजवी बाजू थकलीय. आता सर्जन फुप्फुसं बदलायला तयार होतील असं वाटत नाही. ऑक्सिजन आणि औषधं सुरू करू. मग त्यांनी वही ओढली. हे आकडे चालतानाचे आहेत का, विचारलं. बाईंनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ही सही कुणाची?

“माझी.”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता घरात ऑक्सिजनचं मशिन आहे आणि हॉलभर पुरेल अशी लांब नळी. मी ह्यांचं बोट धरून शेजारून चालते आणि बसू देत नाही. चार फेऱ्यांत दम संपतो. आकडा चौऱ्याऐंशी, कधी ब्याऐंशी. हे तो लिहितात, अक्षर अजून तसंच रेखीव आहे. आता एकही आकडा खोटा नसतो. डॉक्टरीणबाई पान बघतात, मान हलवतात आणि ह्यांना जेवण जातंय का, झोप लागते का, ते विचारतात. आकड्याबद्दल त्या आता काहीच विचारत नाहीत.

“सही कर,” हे रोज म्हणतात, आणि मी करते.