मुंबईच्या लोपितालातला डॉक्टर

ऐंशीच्या दशकात मी आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या एका पोलीस ठाण्यात सार्जंट होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर नुसतं थांबा म्हणायचा. शेवटी आम्ही बाजारामागचा एक खाजगी दवाखाना निवडला. तिथला डॉक्टर मुंबईहून आलेला, माझ्या बायकोशी मराठीत बोलणारा. असल्या गोष्टी बेटाच्या क्रेओल भाषेत सांगायची तिला लाज वाटे. तीन इंजेक्शनं झाली आणि तिची पाळी बारा दिवस लांबली. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो, बोललो तर आशा मोडेल अशी भीती वाटायची.

त्याच आठवड्यात ग्रां बुआ गावचा एक ऊसतोड कामगार ठाण्यात आला.

"सार्जन, डोक्तेर म्हनला बायको पाच म्हयन्यांची हाय. काल लय रगत गेलं. लोपितालमंदी म्हनले, पोर नव्हतंच कदी."

दवाखाना तोच होता. मी डायरीत नोंद केली. माझी बायको तिथंच उपचार घेते हे वरिष्ठांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. खरं सांगतो, डॉक्टर निर्दोष निघावा असंच मला वाटत होतं.

झडतीत इंजेक्शनांची खोकी सापडली. डॉक्टरला ठाण्यात आणून त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत, मराठीत लिहून घेतला. पदवीचा कागद मुंबईला राहिला म्हणाला. गडी शांत होता, चुकत नव्हता. सहीआधी नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवायला घेतला. 'मी धा वर्सं मुंबईच्या लोपितालात होतो,' इथं मी अडखळलो.

लोपिताल, म्हणजे रुग्णालय, हा शब्द आम्हा बेटावरच्या मराठी माणसांच्या रोजच्या तोंडचा. मूळचा क्रेओल, पण मी तो कित्येक वर्षं मराठीच समजत होतो. भारतातून आमच्या बैठकेत, म्हणजे वस्तीतल्या मराठी शाळेत, शिकवायला आलेल्या गुरुजींपुढे एकदा बोललो, तर 'म्हणजे काय?' असं त्यांनी विचारलं होतं. ह्या डॉक्टरचं बोलणं मात्र अगदी आमच्यासारखं होतं, आणि म्हणूनच तर आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

"मुंबईत लोपिताल म्हनतात व्हय रं?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला.

"गाव कंचं तुजं?"

"लालमती," तो पुटपुटला. म्हणजे आमच्याच बेटावरचं गाव.

साखर कारखान्याच्या दवाखान्यात तो औषधं बांधून द्यायचा. भारत त्यानं पाहिलाही नव्हता. इंजेक्शनं पाळी थांबवणारी होती, हेही त्यानं कबूल केलं.

घरी जाऊन बूट न काढताच मी बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"तुमी पुलिस ना वो? पयल्या दिशी का नाय इचारलं त्याला?"

नोकरीत मी शेकडो लोकांची उलटतपासणी केली, पण ज्याच्याकडून आपल्याला काही हवं असतं त्याला आपण विचारत नाही, हे त्या दिवशी कळलं. तो काही मोठा हुशार नव्हता. आम्हीच आशेला लागलो होतो.

आठ दिवसांनी तिची पाळी आली. तोवर, सगळं ठाऊक असूनही, ती एका हातानं पोट सांभाळत पायऱ्या उतरत होती.