दोन्ही गाल सारखेच सुजले होते

ही केस मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. खून नाही, दरोडा नाही, पेपरात आल्या त्या चारच ओळी. तरीही निवृत्तीनंतर कुणी नोकरीतली एखादी आठवण विचारली की मी हीच सांगतो. नावं सांगणार नाही, माणसं अजून रत्नागिरीतच राहतात.

सकाळची हजेरी आटोपली होती. रुग्णालयातून ठाणे अंमलदाराला खबर आली की चाळिशीची एक बाई दाखल झाली असून तिच्या चेहऱ्यावर मारहाणीच्या संशयास्पद खुणा आहेत. आमच्या हवालदारीणबाईंना घेऊन मी गेलो. बाईचे दोन्ही गाल काळेनिळे होऊन फुगले होते, डोळे जेमतेम उघडत होते. विचारलं तर म्हणाली, "न्हाणीत पडले." मार खाल्लेल्या बायका नेमकं हेच सांगतात, म्हणून पोलीस त्यावर सहसा विश्वास ठेवत नाहीत.

तिचा भाऊ पावस गावाहून आला होता. तो उसळलाच. "पडली कसली! घोव बोटीवरनं आला नि ही दशा. आत टाका त्याला, साहेब!"

नवरा मालवाहू जहाजावर खलाशी. सुट्टी संपत आली होती, आठवड्याभरात पुन्हा जहाजावर चढायचं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच म्हणायची. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा तो एकच घोकत होता, "मी हात लावला नाय, साहेब. मी मासळी आणायला गेलेलो. आलो तर हिचं तोंड असं."

मी त्याचे हात पाहिले, ओरखडाही नव्हता. पण मला जास्त खटकत होते ते बायकोचे गाल. मारहाणीच्या केसेस मी ढिगाने हाताळल्या. बहुतेक वेळा एकच बाजू जास्त सुजते, ओठ फुटतो, बांगड्या फुटून मनगट कापतं. इथे दोन्ही गाल सारखेच, ओठ शाबूत, बांगड्या शाबूत. इतक्या समसमान न्यायाने मारणारा नवरा मी तरी पाहिला नव्हता.

दुपारी ठाण्यात फोन वाजला. पलीकडे घाबरलेली बाई. "घोवान मारलान नाय तिला. घराजवळच्या पार्लरवालीस विचारा." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

पार्लरवाली आधी म्हणाली, आपण फक्त भुवया कोरतो आणि फेशियल करतो. फ्रिज उघडायला लावला तर आत भरलेल्या सिरिंज. मग मात्र ती खरं बोलू लागली. मुंबईत थोडे दिवस शिकून आली होती, डॉक्टर नव्हती. बसलेले गाल भरून यावेत म्हणून ती गालांत जेल टोचायची, त्यालाच फिलर म्हणतात. वर दुखू नये म्हणून पदरची वेदनाशामक गोळीही दिली होती.

"मी विचारलं होतं, साहेब. कुठलं औषध चालू आहे का? नाही म्हणाली. तिच्यासोबतची शेजारीण साक्षीला आहे." फोन कुणी केला असेल ते मला तेव्हा कळलं.

मी रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावून सुईचं सांगितलं. ते काळजीत होते. "सूज अजून वाढतेय. नुसत्या सुईने एवढं रक्त साकळत नाही. डोळ्यावर दाब आला तर नजर जाईल. पण औषध कुठलंच घेत नाही म्हणते."

"तुम्ही विचारलंत तेव्हा जवळ कोण होतं?"

"सासू आणि भाऊ."

पार्लरमध्ये शेजारीण, रुग्णालयात सासू नि भाऊ. ही बाई एकटी अशी कुणाला सापडलीच नव्हती. मी पुन्हा रुग्णालयात गेलो आणि सगळ्यांना चहाला पिटाळलं. हवालदारीणबाई तिच्या उशाशी बसल्या. मी पडद्याआड थांबलो. त्या म्हणाल्या, "वैनी, आता इथे कोणी नाय. घोव तुमचा ठाण्यात बसलाय. रोज काय घेता ते सांगा."

बाई रडायला लागली. "ते बोटीवर असताना पायाच्या शिरेत गुठळी झालेली. मुंबईस बहिणीकडे जाऊन उपचार केले. रक्त पातळ करायची गोळी चालू हाय. घरात कोणास ठाव नाय. त्यांना सांगू नका."

"का नाय सांगितलंत?"

"बोटीवरच्या माणसास घरचं वाईट कळवू नये. तिथनं तो करणार काय? मग सुट्टीवर आले नि सहज बोलले, गाल बसले गो तुझे. म्हणून गेले टोचायला."

आमच्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी घरांत ही जुनी रीत आहे. बाप गेल्याचंसुद्धा मुलाला बंदराला लागेपर्यंत कळवत नाहीत. माया असते त्यात, मी नावं ठेवत नाही.

हवालदारीणबाईंनी तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. रक्त तपासून उपचार बदलले, रात्रीपर्यंत सूज थांबली, डोळे वाचले. डॉक्टर मला म्हणाले, "रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असली सुई आणि त्यात ती वेदनाशामक गोळी, म्हणजे आगीत तेल. खऱ्या डॉक्टरनेही गोळी देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावला नसता. आणि टोचून घ्यायचं म्हणून कुणी ती गोळी मनानं बंद केली, तर पुन्हा गुठळी व्हायची." पार्लरवालीवर विनापरवाना वैद्यकीय व्यवसायाचा गुन्हा दाखल केला. नवऱ्याला सोडलं. भाऊ मान खाली घालून पावसला गेला.

त्यानंतर ठाण्यात कुणाचाही जबाब घ्यायचा तर आधी नातेवाइकांना बाहेर काढायचं, हा मी दंडकच केला. ओळखीतल्या डॉक्टरांनाही सांगतो, औषधाची चौकशी रुग्णाला एकट्याला गाठून करा. माणूस पोलिसाला फसवायला खोटं बोलतो ते मला ओळखता येतं. घरच्यांना जपण्यासाठी बोललेलं खोटं मला अजूनही पटकन ओळखता येत नाही.

नवऱ्याला तिने स्वतःच सगळं सांगितलं. मी वॉर्डच्या दारातच होतो. मला वाटलं होतं तो चिडेल. तो खाटेच्या कडेला बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "रोज फोनवर विचारायचो, बरी हायस ना? तू हो म्हटलंस की मी निजायचो. आता बोटीवर मला झोप कशी लागेल गो?"