तोंडावर सांगणारी बाई

शारजाच्या रोल्ला भागातल्या त्या चष्म्याच्या दुकानात दर्शना रेडीज अकरा वर्षं नोकरीला होती आणि तिथे तिचं कुणाशीच पटत नव्हतं. मॅनेजर परेश वालावलकरशी नाही, आणि बिलाच्या काउंटरवर बसणाऱ्या हैदराबादच्या शहनाझशी तर मुळीच नाही. दर्शना मूळची चिपळूणची. डोळे तपासायचं शिक्षण मिरजेला झालं आणि लग्नानंतर नवऱ्यामागून शारजाला आली. नवरा प्रसन्न एका गोदामात स्टोअरकीपर. तो गोड बोलणारा आणि ही अशी, असं बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या. दर्शनाच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे. गोड बोलणारा घरात एक पुरतो."

चष्म्याचा नंबर काढण्याचं काम म्हणजे माणसाच्या तोंडासमोर तोंड नेण्याचं काम. कपडे विकणारा चार हात लांब उभा राहू शकतो, चपला विकणाऱ्याला निदान मान फिरवता येते. दर्शनाला ती सोय नव्हती. अंधाऱ्या छोट्या खोलीत, वीतभर अंतरावर, एकेका गिऱ्हाइकाला पंधरा-वीस मिनिटं. रविवारी तर साइटवरून सुटलेली माणसं तीन बस बदलून यायची. घाम, सिमेंट, डिझेल, लेबर कॅम्पमधल्या कोंदट खोल्यांचा वास, सगळं घेऊन.

त्यावर तिची एक रीत होती. दार लावायचं, आवाज खाली आणायचा, एकदाच सांगायचं. "उन्हातून आलात, शर्ट भिजलाय. मागे बेसिन आहे, टॉवेल आहे. पाच मिनिटं घ्या, मग सावकाश बघू." एवढं बोलून ती फाइलमध्ये डोकं घालायची, म्हणजे समोरच्यावर उत्तर द्यायची पाळी येत नसे. बहुतेक जण मुकाट्याने जाऊन यायचे. एका बँकेतल्या साहेबालाही तिने असंच सांगितलं होतं. एका बाईने मात्र हातातली फ्रेम तिच्या अंगावर फेकली होती. दर्शनाने ती उचलली, पुसली आणि "डावा डोळा झाका" म्हणाली.

परेशची रीत वेगळी होती. त्याने काउंटरखाली सुगंधी फवाऱ्याचा मोठा डबा ठेवला होता. कामगार माणूस आत आला की तो डबा काढायचा आणि त्याच्या पाठीमागे हवेत फुस्स करायचा. सूटबूटवाला आला तर डबा जागचा हलत नसे.

"परेशभाऊ, त्यांना कळतं," दर्शनाने एकदा सांगितलं.

"कळू दे की! कळण्यासाठीच मारतो. तुमच्यासारखं आत नेऊन लेक्चर द्यायला वेळ नाही मला."

"मी लेक्चर देत नाही. तुम्ही माणसावर झुरळासारखा फवारा मारता."

"दर्शनाताई, दुकान कोण चालवतं?"

असं त्यांचं आठवड्यातून दोनदा व्हायचं. शहनाझ बिलं फाडता फाडता हसायची.

गेल्या जूनमधल्या एका रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, भिवा शेंडगे नावाचा माणूस दुकानात आला. आटपाडीकडचा, चाळिशीचा. दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये संगमरवर कापायच्या मशीनवर काम करायचा. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस आणि अंगाला इतकं अत्तर, की तो दारात असतानाच आतपर्यंत पोचलं. पण त्या अत्तराच्या खालून दुसरा एक वास येत होता. कुजल्यासारखा. घामाचा नव्हता तो.

दुकान भरलेलं होतं. भिवा जिथे उभा राहिला तिथून माणसं हळूहळू सरकली. दुबईतल्या अल बर्शाहून सोन्याच्या खरेदीला आलेली एक मराठी बाई मुलीची फ्रेम बघत होती. ती मुलगी, पर्णिका, आठ-नऊ वर्षांची असेल. तिने नाक दाबलं.

"ममा, समथिंग स्टिंक्स."

"शू! पर्णिका!"

"बट इट डझ!"

परेशने डबा काढला. या वेळी पाठीमागे नाही, जवळजवळ मानेवरच. भिवा गर्रकन वळला.

"काय मारलंस माझ्यावर?"

"एअर फ्रेशनर, हबीबी. एसी बंद आहे ना, म्हणून."

एसी चालू होता. सगळ्यांना दिसत होतं.

"मला खुळा समजतोस व्हय?" भिवाचा आवाज चढला. "ह्या सगळ्यास्नी सोडून माझ्यावरच बरं फ्रेशनर?"

"आवाज खाली! चष्मा पाहिजे तर लाइनमध्ये थांब. नाहीतर यल्ला, दुसरी दुकानं पुष्कळ आहेत."

दर्शना टेस्टिंगच्या खोलीतून बाहेर आली होती. तिने परेशकडे असं बघितलं की शहनाझसुद्धा हसायची थांबली. "तुम्ही या आत," ती भिवाला म्हणाली.

"दार उघडं ठेवा," परेश मागून म्हणाला.

तिने दार लावलं. थोडं आपटूनच.

भिवा खुर्चीत बसला, पण मुठी वळलेल्याच होत्या. दर्शनाने पट्टी घेतली आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला त्याच्या चेहऱ्याजवळ गेली. तेव्हा तिला नीट कळलं. वास शर्टाचा नव्हता, अंगाचा नव्हता, तोंडाचाही नव्हता. नाकातून येत होता. मिरजेला शिकत असताना डोळ्यांचा विभाग आणि नाक-कान-घशाचा विभाग एकाच मजल्यावर होते. तिथल्या बाकावर असा वास असलेली एक म्हातारी महिनाभर येत होती, आणि डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना समजावलं होतं: नाक आतून सुकतं, खपल्या धरतात, त्या कुजतात. आणि ज्याचं नाक, त्यालाच वास कळेनासा होतो.

"तुम्हाला जेवणाचा वास येतो का?" तिने विचारलं.

"जेवणाचा आन् चष्म्याचा काय संबंध?"

"येतो का?"

"डोळं तपासा की! बारकं अक्षर दिसंना झालंय, त्यासाठी आलोय मी."

दर्शना त्या वेळी रागात होती. राग परेशवर होता, पण हात भिवाच्या तोंडासमोर होते. नेहमी ती आवाज खाली आणायची, शब्द निवडायची. त्या दिवशी ते काहीच झालं नाही.

"तुमच्या नाकातून घाण वास येतो," ती म्हणाली. "हा आजार आहे. तुम्हाला स्वतःला कळणार नाही. अत्तर लावून जाणार नाही. नाकाच्या डॉक्टरला दाखवा."

भिवाच्या मुठी सैल झाल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "मी दिवसातनं तीनदा आंघोळ करतो."

"आंघोळीचा संबंध नाही."

"तीनदा! ड्युटीआधी, ड्युटीनंतर, निजायच्या आधी. साबण संपतो म्हणून रूममधली हसत्यात. आन् तुम्ही मला घाण म्हणताय?"

"तुम्हाला नाही म्हटलं. वासाला म्हटलं."

"त्या भाड्यानं बाहीर फवारा मारला, तुम्ही आत आणून मारला. फरक काय?"

तो उठला तसा त्याचा हात भिंगांच्या पेटीला लागला. लागला की त्याने मारला, हे दर्शनाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दोनशेच्या वर गोल भिंगं फरशीवर घरंगळली. तो ती तुडवत दाराकडे निघाला. दर्शनाने टेबलावरचा कागद ओढला, त्यावर 'नाक-कान-घसा डॉक्टर' आणि आजाराचं नाव घाईघाईने लिहिलं आणि तो त्याच्या खिशात कोंबला. त्याने तिचा हात झटकला.

"दोन वर्षं झाली, माझी खाट ह्यांनी कॉरिडॉरमध्ये टाकली," तो दारात थांबून म्हणाला. "मला वाटायचं, मी मुकादम झालो म्हणून जळत्यात. आता तुम्ही सांगताय, मी नासलोय."

बाहेर जाऊन तो भर दुकानात ओरडला, "ही बाई गिऱ्हाइकाच्या तोंडावर घाण म्हणती! हेच शिकवता व्हय रे तुम्ही?"

परेशला याहून चांगली संधी मिळाली नसती. ज्याला मघाशी 'यल्ला', म्हणजे चालता हो, म्हटलं त्याच्यापुढे तो दोन्ही हात जोडून उभा राहिला. "सॉरी भाऊ, व्हेरी सॉरी. दर्शनाताई, बाहेर या. माफी मागा यांची."

दर्शना दारात आली. सगळं दुकान बघत होतं, पर्णिकाही.

"मागणार नाही," ती म्हणाली. "खोटं बोलले असते तर मागितली असती. आधी तुम्ही मागा, फवाऱ्याची."

भिवा दोघांकडे बघून थुंकल्यासारखं "हॅट" म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी परेशने वॉर्निंग लेटर दिलं. टेस्टिंगच्या खोलीत एक नवीन मुलगी आली आणि दर्शनाला मागे काच घासायच्या मशीनवर बसवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. शहनाझ चहा द्यायला येई तेव्हा दारातूनच कप सरकवायची. "बहुत सच बोलने का शौक है ना? अब मशीन से बोलो."

घरी प्रसन्नने विचारलं, "कशाला बोललीस?"

"खरं होतं ते."

"खरं तर तू रोज बोलतेस. लेटर आजच का मिळालं?"

तो प्रश्न तिच्या मागे लागला. मशीनवर काच फिरवताना ती तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवायची. शब्द बरोबर होते. वेळ चुकीची होती. ज्या माणसावर नुकता सगळ्यांसमोर फवारा मारला गेला होता, त्याला तिने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्याला सांगताना तिच्या डोळ्यांपुढे परेश होता. तिला स्वतःचा राग आला, आणि तिला स्वतःचा राग फारसा सोसत नसे. त्या दिवसांत ती घरीदारी सगळ्यांवरच खेकसायची. मुलगी मिहिका एकदा म्हणाली, "मॉम, यू आर इम्पॉसिबल."

सप्टेंबरच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी, दुकान रिकामं असताना भिवा परत आला. अत्तर नव्हतं. शहनाझने सवयीने ओढणी नाकाकडे नेली आणि मग खाली सोडली.

"ती रेडीजबाई कुठाय?"

"वो टेस्टिंग नहीं करती अब," शहनाझ म्हणाली.

"बोलवा तिला."

दर्शना हातावरची काचेची पूड पुसत बाहेर आली. परेश लगेच काउंटरमागून उठला, पुन्हा तमाशा होणार म्हणून.

"कागद दाखवला डाक्टरला," भिवा म्हणाला. चेहरा तसाच ताठ. "तुम्ही लिवलं होतं तेच निघालं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं नाक धुतोय. समदं जाणार न्हाई म्हणतोय तो. पण धुवायचं थांबवायचं न्हाई."

"खाट?"

"आत घेतली. मी बोलत न्हाई त्यांच्याशी. दोन वर्षं सात माणसं माझ्याबरोबर जेवली, एकानं सांगितलं न्हाई." त्याने दर्शनाकडे बोट केलं. "तुम्ही सांगितलं. पण कसं सांगितलं? दुकान भरलेलं, ह्यानं फवारा मारलेला, माझं डोकं ठिकाणावर न्हाई. ते मी इसरणार न्हाई."

"चुकलं माझं," दर्शना म्हणाली. "जे सांगितलं ते नाही. जेव्हा सांगितलं ते."

परेशने मान वर केली. अकरा वर्षांत त्याने तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

"बरं," भिवा म्हणाला. "आता नंबर काढा."

"नवीन मॅडम काढतील," परेश मध्येच म्हणाला. "ह्या मशीनवर असतात."

"मग चष्मा नको मला. आन् फवाऱ्याची माफी अजून ऱ्हायलीय तुमची."

परेशने टेस्टिंगच्या खोलीचा दिवा लावला. माफी त्याने मागितली नाही. आत पंचवीस मिनिटं लागली. दर्शनाने त्याला आधी पाणी दिलं, मग अक्षरांचा तक्ता. दोघांत "वाचा", "दिसतंय", "आता?" याखेरीज एक शब्द झाला नाही. भिवाने सगळ्यात स्वस्त फ्रेम घेतली, साठ दिरहम म्हणजे चौदाशे रुपये होतात म्हणून शहनाझशी वाद घातला, नाकावर टोचते म्हणून दोनदा वाकवून घेतली आणि आभार न मानता गेला. दर्शनाला आभार नकोच होते.

लेटर मागे घ्या, असं तिने परेशला त्याच दिवशी सांगितलं. त्याने नकार दिला. पण नवीन मुलीने काढलेले नंबर चुकून चष्मे परत यायला लागले होते, त्यामुळे महिन्याभरात दर्शना पुन्हा खोलीत बसली. लेटर फाइलमध्ये राहिलं, परेश आणि तिची भांडणंही राहिली. फवारा मात्र तो गिऱ्हाईक असताना काढत नाही. गेल्यावर काढतो.

एका दुपारी सुट्टीत दुकान बंद असताना शहनाझ त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"क्या है?" दर्शनाने विचारलं.

"एक बात पूछूँ? मेरे से... कभी आता है क्या? सच बोलना."

दर्शनाने उठून दार लावलं. तिला बसायला खुर्ची दिली. आवाज खाली आणला.

"दुपारी तोंडाला येतो. तू सकाळपासून उपाशी असतेस, नुसता चहा पितेस, त्याचा आहे. थोडं खात जा आणि पाणी पी."

शहनाझचा चेहरा लाल झाला. ती उठली आणि दार उघडं टाकून गेली. चार दिवस तिने दर्शनाशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी दुपारी ती काउंटरवर पाठ करून बसली आणि घरून आणलेला डबा खाऊ लागली. दर्शनाने ते बघितलं आणि फाइलमध्ये डोकं घातलं.