मामादूंच्या आईला न कळलेला सिनेमा

फ्रेंच सिनेमाचं काम हातावेगळं झालं की मामादू हेडफोन काढून टेबलावर ठेवत, डोळे चोळत आणि म्हणत, "खलास. त्यांचं म्हणणं आणखी एकदा जगाला पोचवलं."

दुबईत करामा वस्तीजवळच्या एका लहानशा ऑफिसात आम्ही टीव्ही चॅनेलांसाठी सबटायटल्स करायचो. मामादू सेनेगलचे, पन्नाशी उलटलेले. ते फ्रेंचचं इंग्रजी करत, मी त्या इंग्रजीचं हिंदी. ते सिनेमे सगळेच काही फ्रान्सचे नसत; कधी अल्जीरियाचा, कधी कॅमेरूनचा. "फ्रेंच साहेब घरी गेला, जीभ मात्र आमच्या तोंडात विसरून गेला," मामादू म्हणत.

एकदा ते आमच्याकडे जेवायला आले होते. मी लेकीला मराठीत एक गोष्ट सांगत होते, ती इंग्रजीत प्रश्न विचारत होती. मामादूंचा घास हातातच राहिला.

"तू सांगतेस ती गोष्ट कळते ना तिला?"

"कळते की."

"मग ठीक आहे. माझी गोष्ट माझ्या आईला कळली नाही."

तेव्हा समजलं, की तरुणपणी त्यांनी स्वतः एक सिनेमा केला होता. आईच्याच आयुष्यावर, कोळ्याची विधवा, तिची होडी सरकार जप्त करतं. पैसा पॅरिसहून आला, पण संवाद फ्रेंचमध्येच हवेत या अटीवर. सिनेमाचं परदेशात कौतुक झालं. आईनं गावात पडद्यावर तो पाहिला आणि विचारलं, "ही बाई माझ्यासारखी दिसते, मग साहेबासारखी का बोलते?" त्यानंतर मामादूंनी दुसरा सिनेमा केला नाही. पोटासाठी इकडे आले.

त्या वर्षी सुट्टीवर जाताना त्यांनी सिनेमाची व्हिडिओ कॅसेट सोबत नेली. परतले तेव्हा आवाज पार बसलेला.

"आवाज बंद करून लावला," ते सांगू लागले. "विधवा, शेजारीण, पोरं, सगळ्यांचं मीच बोललो, आमच्या वोलोफ भाषेत. आई हसली, रडली. होडी न्यायला अंमलदार आला, तसा तिनं माझा हात धरला. म्हणाली, याचं फ्रेंचच राहू दे. तो असाच बोलत होता."

एवढं सांगून त्यांनी हेडफोन चढवले आणि पुढचा सिनेमा लावला.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. मामादूंनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, "आता गावी जाऊन तुमच्या भाषेत सिनेमा करा."

"करीन, इन्शाल्ला," ते दमलेल्या आवाजात म्हणाले. "आता भाषेवरून मला कुणी अडवणार नाही. पण सबटायटल्सशिवाय जिला तो कळायला हवा होता, ती बाईच राहिली नाही."