टाकं शेवटी ठेवलं

आधी टाकं सांगतो. त्या दिवशी शेवटी ठेवलं होतं, ती चूक पुन्हा नको.

जूचंद्र गावाच्या बाजूला, आमच्या शाळेच्या मागे एक टेकडी होती. ‘होती’ लिहिताना अजून दात करकरतात. माथ्यावर एक जुनं शहर पडून होतं. शहर म्हणजे काय, तर हातभर लांब विटा, घरांच्या जोत्यांच्या ओळी, पायाखाली कुरकुरणारी खापरं आणि पलीकडच्या उतारावर अखंड कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. आत उतरायला पायऱ्या, काठावर छपराच्या खांबांसाठी पाडलेली भोकं, आणि भर मे महिन्यात कमरेइतकं गार पाणी. सोपाऱ्याच्या बंदरात गलबतं लागत, त्या काळी इथून कोणीतरी खाडीवर नजर ठेवत असेल. एवढंच. एवढं कोणालाही पुरलं असतं. मला पुरलं नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथे मास्तर होतो. इतिहास शिकवायचो, म्हणजे पुस्तकात दोन ओळी असल्या की वर्गात वीस सांगायचो. विरारकडे इमारती उठू लागल्या होत्या, त्यांना खडी हवी होती, आणि एका ठेकेदाराने आमची टेकडी मागितली. मी अर्जांवर अर्ज खरडले : माथ्यावर प्राचीन नगर आहे, खदाण देऊ नका. शेवटी कचेरीतून एक साहेब पाहणीला येणार असं ठरलं. एकच फेरी. त्यांनी ‘अवशेष आहेत’ लिहिलं तर टेकडी वाचणार. नाही तर सुरुंग.

गावातली एक म्हातारी उन्हाळ्यात आपल्या म्हशी त्या टाक्यावर न्यायची. गावची विहीर फाल्गुनातच आटायची, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या पाण्यात. आदल्या दिवशी तिने मला गाठलं.

“मास्तर, सायबाला पयला पान्यावर न्या. मंग बाकीचं.”

“आजी, नाटकाचा शेवट कोणी आधी दाखवतं का?” मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

साहेब जीपमधून उतरले ते घाम पुसतच. मी त्यांना वाटेवरच्या एका मोठ्या दगडी चौथऱ्यापाशी थांबवलं आणि सुटलो. हा राजवाडा. हा दरबार. हे राणीचं न्हाणीघर. बघा, पाणी वाहून जायला कशी दगडात उतरती नाली काढलीय! साहेब भराभर लिहीत होते. नालीला त्यांनी हातही लावून पाहिला. खरं सांगायचं तर तो चौथरा कसला, हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर त्याला वळसा घालून चढत होतो, पण कोणाला विचारावं असं एकदाही वाटलं नाही. मास्तर विचारत नसतो, सांगत असतो.

तेवढ्यात म्हातारी म्हशी घेऊन वर आली.

“कंची रानी, मास्तर?”

मी डोळ्यांनी खुणावलं. तिला डोळ्यांची भाषा येत नव्हती किंवा येत असून नको होती.

“यो आमचा गोठा. माझे सासऱ्यानं बांधला. ही म्हशींच्या मुताची मोरी.”

साहेबांनी हात आधी रुमालाला पुसला, मग झाडाला. मग हसले. जीपवाला तर खालीच बसला हसत.

“गुरुजी, राणीसाहेबांना आमचा नमस्कार सांगा.” डायरी मिटली.

“साहेब, टाकं राहिलंय. पंधरा मिनिटांवर.”

“त्यात कोण डुंबायचं? राजा?”

“सायब, ते खरं हाय,” म्हातारी पुढे झाली. “चला, मी दावते.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उतरायला लागले. बघण्यासाठी ज्याला पगार मिळतो, तो माणूस पंधरा मिनिटं चालला नाही! अहो, मी खोटारडा, कबूल. टाक्याने काय खोटं सांगितलं होतं? अहवालात ‘एक पडका गोठा’ एवढंच आलं, असं कळलं. मी पुन्हा अर्ज केले. ‘गोठेवाले गुरुजी’ म्हणून कचेरीतल्या शिपायापर्यंत माझी कीर्ती गेली होती. कोणी वाचलेसुद्धा नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात टेकडीचा माथा नव्हता. विटा, जोती, टाकं, सगळं ट्रकमधून गेलं. त्या ठेकेदाराचं थोबाड आठवलं की आजही हात शिवशिवतो. आणि लगेच त्याच हाताने नाली दाखवली होती, हे आठवतं.

एका दुपारी शाळा सुटता सुटता म्हातारी चार म्हशी घेऊन शाळेच्या खोल विहिरीवर हजर. विनंती नाही, शिवी नाही. दोर माझ्या हातात दिला आणि सावलीला बसली.

“वढा, मास्तर. रानीला तहान लागली.”

चार म्हशी किती पाणी पितात, हे मास्तरला पुस्तकात मिळत नाही. तळहात सोलवटले. तेवढ्यात उरल्या टेकडीवर सुरुंग उडाला, म्हशी बुजल्या, भरलेली बादली लवंडली. म्हातारीने वर पाहिलं नाही. रिकाम्या बादलीकडे बोट दाखवलं.

पाऊस लागेपर्यंत ती रोज आली. मी रोज ओढलं.