आईचा अभिप्राय
किनाऱ्यावर बांबूंना बोंबील टांगले की त्या वासासरशी मला आईचा फोन आठवतो, कारण त्यालाही तोच वास यायचा. माझ्या कथांचं ई-बुक मीच तयार करून एका साइटवर टाकलं होतं. त्यात जोडाक्षरं फुटली होती आणि खाली वाचकांचा अभिप्राय तर एकही नव्हता. डहाणूच्या बाजारात मासळी विकून आलेली आई त्या फुटक्या अक्षरांतून अडखळत रोज फोनवर दोन पानं वाचायची. पुस्तक संपलं तसं तिने खाली लिहिलं, ‘माझ्या पोरीने लिहिलंय. ताजं आहे, घेऊन बघा.’ मी चिडले, “आई, लोक हसतील गं!” “मग तूच काढ, मला नाय जमत,” म्हणत तिने फोन पुढे केला. मी काढून टाकलं. आता आई नाही, आणि पुस्तकाखाली अजून तेच येतं: पहिला अभिप्राय तुम्ही द्या.