धोट्यांची गुराब

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दारात उभी राहून दूधवाल्याशी पाण्यावरून भांडत होते. "सुमाताई, हे उठत नाहीयेत हो..." एवढंच ती म्हणाली. भांडण तसंच टाकून मी रिक्षात बसले, आणि छत्रीबागेत दादाच्या घरी पोचेपर्यंत मला रडू नाही, रागच येत राहिला. आमचा दादा आयुष्यभर ना स्वतः स्वस्थ बसला, ना त्याने आम्हाला बसू दिलं, आणि जाताना मात्र गुपचूप, झोपेत! हे काय वागणं झालं? आता तीन महिने होत आले, राग काही उतरत नाही.

दादा इंदूरच्या मिलमध्ये विणाईखात्यात जॉबर होता, मागांची एक आख्खी रांग त्याच्या ताब्यात असायची. मिल बंद पडली तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. बाजारात तेव्हा रंगीत टीव्ही काय, नवी शीतपेयं काय, नव्या गाड्या काय, सगळं एकदम उघडत होतं, आणि आमच्या गल्लीतली डबा घेऊन शिफ्टला जाणारी माणसं ओट्यावर बसून होती. दादाला बसताही येईना. पंखा उघड, नळ उघड, वहिनीचा चांगला चालणारा मिक्सर उघड... वहिनी अगदी मेटाकुटीला आली. मग एक दिवस तो भंगारवाल्याकडून पोतंभर जुने धोटे घेऊन आला. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी ठोकळा, दोन्हीकडून निमुळता, हातात धरला तर छोटी होडीच. "याचं काय करणार?" मी विचारलं. म्हणाला, "गुराब." मराठ्यांच्या आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज. कुठल्याशा दिवाळी अंकात त्याने चित्र पाहिलं होतं. उभ्या जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस! वहिनी म्हणाली, "आणि चालवणार कुठे? आपल्या खान नदीच्या गटारात?" तर हा म्हणतो, "अगं, पहले बनू तर दे."

बनली की हो. धोटे उभे चिरून फळ्या, पितळी नळीचे तुकडे कापून तोफा, तीन डोलकाठ्या, आणि शिडांचं कापड तर घरीच छोटा माग करून विणलं, कारण बाजारातला कुठलाही कपडा त्याला जहाजाच्या मापाने जाडच वाटायचा. मी ओळखीतून लालबागेच्या मेळ्यात तिच्यासाठी एक टेबल मिळवलं. मला एकच हवं होतं, जहाज एकदाचं पुरं व्हावं, चार लोकांनी वाहवा करावी, आणि हा माणूस मिलची वाट बघणं सोडून दुसऱ्या कामाला लागावा. पण मिलवाल्याची खोड! ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्याला खळ लावतात तशी याने शिडांना आणि दोऱ्यांना पिठाची घट्ट खळ लावली, आणि मेळ्याच्या आदल्या दिवशी झुरळांनी तिन्ही शिडांची चाळण केली. मला रडायला आलं. दादा मात्र भोकांतून माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "टेंशन नको घेऊ सुमी, परत विणतो." मला तर तो खूशच वाटला!

पुढे भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात मी त्याला कामाला लावून दिलं. आठवडाही टिकला नाही. "तिथे काम नाहीये गं, नुसतं बसवून ठेवतात," म्हणाला. "आणि मधेच मिल चालू झाली तर?" मी ओरडले, "नाही होणार चालू! सगळ्या इंदूरला कळलंय, तुलाच कळत नाही का रे?" नंतर एका दुपारी त्याच्या खात्यातले माग गॅस कटरने कापून ट्रकमध्ये भरताना तो फाटकाबाहेरून बघून आला. आला, चप्पल काढली, आणि जहाजाच्या सगळ्या दोऱ्या सोडून पहिल्यापासून बांधायला बसला. वहिनीने जेवायला हाक मारली ती त्याला ऐकूही गेली नाही.

तेराव्यानंतर मी त्याच्या खोलीत गेले. गुराब टेबलावर होती, शिडं ताणलेली, तोफा जागच्या जागी, फक्त एक दोरी सुटून लोंबत होती. "बघ," मी वहिनीला म्हटलं, "शेवटपर्यंत पुरी केलीच नाही."

"अहो, पुरी होऊन दोन पावसाळे झाले," वहिनी म्हणाली. "झोपण्याआधी एक दोरी सोडून ठेवायचे, सकाळी उठून बांधायचे. मागावरचा ताणा संपला ना, तरी म्हणे शेवटचे धागे काढत नाहीत. नव्या ताण्याचे धागे त्यांनाच गाठी मारून जोडतात. माग रिकामा ठेवायचा नाही, म्हणायचे."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू ताई? चहाच्या आधी टेबलाशी जाऊन बसायचे. बरं वाटायचं बघायला."

मी ती दोरी हातात घेतली. गाठ मला येत होती. एकदाचं पुरं कर, पुरं कर, म्हणून किती वर्षं डोकं खाल्लं त्याचं... पण हात काही पुढे जाईना. आता दर रविवारी जाते, फडक्याने जहाजावरची धूळ पुसते, वहिनीशी चहा घेते. दोरीला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बांधायची म्हणून त्याने ती सोडून ठेवली होती.